होतकरू खेळाडू आणि त्याची शाळा

मार्च महिना लागला की इंडियाना राज्यात मुलांच्या शालेय बास्केटबॉलची राज्यस्पर्धा सुरू होते, आणि एरवी सात वाजताच सामसूम होणाऱ्या गावांत त्या संध्याकाळी शाळेभोवती मोटार लावायला जागा मिळत नाही. ही स्पर्धा १९११ पासून चालत आलेली आहे. न्यू कॅसल या गावात १९५९ मध्ये हायस्कुलासाठी जे क्रीडागृह उभारले गेले, ते नऊ हजारांहून अधिक प्रेक्षकांचे होते. गावाची वस्ती त्या वेळी वीस हजारांच्या आसपास होती. म्हणजे जवळजवळ निम्मे गाव एका छपराखाली बसेल, असा तो हिशोब होता. अमेरिकेतील सर्वांत मोठी शालेय क्रीडागृहे मोजू लागलो, तर त्यांतील बहुतेक याच एका राज्यात सापडतात.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे आता या राज्यात आणि शेजारच्या ओहायो, इलिनॉय, मिशिगनमध्ये स्थिरावली आहेत. मुले याच शाळांत शिकतात. तरीही या सामन्यांशी आपला संबंध बहुधा एका प्रश्नापुरता असतो: मुलाच्या कॉलेज-प्रवेशाला याचा काही उपयोग होईल का? उपयोग होणार असेल तर वर्गणी भरून क्लबात घालायचे, खासगी प्रशिक्षक लावायचा. होणार नसेल तर तो वेळ गणिताला द्यायचा. हा विचार व्यवहारी आहे आणि परक्या देशात पाय रोवू पाहणाऱ्या माणसांना तो शोभतोही. परंतु तो अपुरा आहे असे माझे ठाम मत आहे. होतकरू मुलाला त्याच्या शाळेपासून सुटे काढून त्याची किंमत ठरवण्याची जी रीत या देशात आज रूढ होत आहे, तिचे अनुकरण निदान आपण तरी डोळे झाकून करू नये. कारण ज्या शाळेच्या संघाने या राज्यात माणसांची माणसांशी वागण्याची पद्धत काही अंशी बदलून दाखवली, तिचा इतिहास आपल्याला परका नाही.

ती शाळा म्हणजे इंडियानापोलिस शहरातील क्रिस्पस अटक्स हायस्कूल. ती सप्टेंबर १९२७ मध्ये उघडली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले होते. दोन घटनांत थेट संबंध काही नाही. पण एकीकडे सार्वजनिक पाण्यावरचा हक्क बजावला जात असताना दुसरीकडे एका शहराची शाळा-समिती कृष्णवर्णीय मुलांना सार्वजनिक शाळांतून वेगळे काढण्यासाठी इमारत बांधून पूर्ण करत होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. तो इंडियानात कू क्लक्स क्लॅनच्या राजकीय वर्चस्वाचा काळ होता. शाळेला आधी थॉमस जेफरसन यांचे नाव द्यायचे ठरले होते. गुलाम बाळगणाऱ्या राष्ट्राध्यक्षाचे नाव आपल्या मुलांच्या शाळेला नको, असा आग्रह तेथील कृष्णवर्णीय समाजाने धरला आणि १७७० च्या बॉस्टन हत्याकांडात पहिला बळी ठरलेल्या क्रिस्पस अटक्स यांचे नाव मिळवले. नावासाठी केलेला संघर्ष क्षुल्लक नसतो, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

विद्यापीठांची दारे कृष्णवर्णीय विद्वानांना प्राध्यापक म्हणून बंद असल्यामुळे या हायस्कुलात एम.ए. आणि पीएच.डी. झालेले शिक्षक शिकवत. अपमानासाठी बांधलेल्या वास्तूत असा अध्यापकवर्ग जमला, हे बांधणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल. खेळात मात्र ही शाळा वाळीतच होती. राज्याच्या शालेय क्रीडासंघटनेने तिला सदस्यत्व नाकारले. कारण मोठे पाहण्यासारखे आहे: या शाळेत गोऱ्या मुलांना प्रवेश नाही, म्हणून ती ‘सर्वांसाठी खुली’ सार्वजनिक शाळा नव्हे! ज्यांनी भिंत बांधली त्यांनीच आतल्यांना विचारायचे की तुम्ही बाहेर का येत नाही. त्या वेळी संघटनेची सूत्रे आर्थर ट्रेस्टर यांच्या हाती होती. पुढे त्यांच्याच नावाने राज्यस्पर्धेत उत्तम मनोवृत्तीच्या खेळाडूला पुरस्कार दिला जाऊ लागला. अटक्सला आणि तिच्यासारख्या इतर शाळांना स्पर्धेत प्रवेश मिळाला तो १९४२ मध्ये. तोपर्यंत पंधरा वर्षे तिचे संघ कॅथलिक शाळांशी आणि दूरदूरच्या कृष्णवर्णीय शाळांशी खेळत फिरले. शाळेचे स्वतःचे क्रीडागृह इतके लहान होते की मोठे सामने तेथे भरवणे शक्यच नव्हते. पुढे राज्यात दबदबा निर्माण झाल्यावरही या संघाला दुसऱ्यांच्या मैदानांवरच खेळावे लागे.

१९५० मध्ये रे क्रो हे प्रशिक्षक झाले. त्यांच्या सात हंगामांत संघाने १७९ सामने जिंकले आणि केवळ २० गमावले. पण क्रो यांची थोरवी आकड्यांत नाही. अभ्यासात मागे पडणाऱ्याला ते मैदानावर उतरू देत नसत, आणि पंचांच्या निर्णयावर नाराजीची रेषादेखील चेहऱ्यावर उमटू देत नसत. सामन्यातले पहिले दहा गुण पंचांचे, तिथून पुढे आपला खेळ, असे ते सांगत, ही आठवण त्यांच्या खेळाडूंनी जपली आहे. या शिस्तीबद्दल माझ्या मनात आदर आहे, तशी खंतही आहे. अन्याय होणार हे गृहीत धरून मुलांना अधिक उत्तम व्हायला सांगणे, हे ओझे वंचितांच्याच मुलांच्या पाठीवर का? परंतु त्या वेळी दुसरा मार्ग कोणता होता, याचे उत्तर आज आरामात बसून देणे सोपे आहे, एवढेही मला कळते.

१९५१ मध्ये अटक्सचा संघ राज्याच्या शेवटच्या चार संघांत पोचला. १९५४ मध्ये उपांत्य टप्प्याआधीच्या फेरीत त्यांना मायलन या खेड्याच्या संघाने ६५–५२ असे हरवले. हेच ते मायलन: १६१ विद्यार्थ्यांची शाळा, जिने त्याच वर्षी अंतिम सामन्यात बलाढ्य मन्सी सेंट्रलला ३२–३० असे नमवले. बॉबी प्लम्प याने शेवटच्या क्षणी मारलेला तो चेंडू या राज्याची दंतकथा झाला आणि १९८६ मध्ये त्यावरून ‘हूझियर्स’ नावाचा चित्रपट निघाला. चित्रपट सुरेख आहे. मात्र त्यात लहान गावातील गोऱ्या मुलांसमोर अंतिम सामन्यात जो धिप्पाड, प्रामुख्याने कृष्णवर्णीय संघ उभा केला आहे, त्याच्या प्रशिक्षकाच्या छोट्या भूमिकेत प्रत्यक्ष रे क्रो दिसतात. ज्यांच्या वाट्याला खऱ्या आयुष्यात दुबळ्याची बाजू आली, त्यांना पडद्यावर बलाढ्याच्या बाकावर बसवले गेले. दुबळे कोण आणि बलाढ्य कोण हे कथा सांगणारा ठरवतो. आपल्या लोकांनी आपली कथा स्वतः लिहावी असे जे आपण वारंवार म्हणतो, त्याचे याहून बोलके उदाहरण मला सुचत नाही.

मायलनकडून हरलेल्या त्या अटक्स संघात ऑस्कर रॉबर्टसन नावाचा दहावीतला मुलगा होता. जन्म टेनेसीचा, घर गरिबीचे. लहानपणी चिंध्यांना रबरी पट्ट्या गुंडाळून केलेला चेंडू पीचच्या टोपलीत टाकून तो खेळ शिकला, आणि लॉकफिल्ड गार्डन्स या सरकारी वसाहतीजवळच्या धुळीच्या मैदानावर तयार झाला. १९५५ मध्ये अटक्सने अंतिम सामन्यात गॅरी शहरातील रूझवेल्ट हायस्कूलला ९७–७४ असे हरवले. तीही कृष्णवर्णीय मुलांचीच शाळा होती. केवळ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शाळेने सर्वांसाठी खुली राज्यस्पर्धा जिंकण्याची ही देशातील पहिली वेळ; शिवाय इंडियानापोलिसच्या कोणत्याही शाळेला त्यापूर्वी हे विजेतेपद मिळालेले नव्हते. शहराची चव्वेचाळीस वर्षांची प्रतीक्षा अटक्सने संपवली होती.

मग मिरवणूक निघाली. विजेत्यांना अग्निशामक गाडीवर बसवून शहराच्या मध्यवर्ती स्मारक-चौकात न्यायचे आणि तेथे जल्लोष करायचा, असा रिवाज होता. अटक्सच्या मुलांना चौकाला एक फेरी घालू दिली आणि गाडी लगेच कृष्णवर्णीय वस्तीतील नॉर्थवेस्टर्न पार्ककडे वळवली. दंगल होईल अशी भीती शहराच्या चालकांना वाटली म्हणे. सोळा वर्षांचा रॉबर्टसन त्या उत्सवातून निघून वडिलांच्या घरी गेला. पुढे ऑलिम्पिकचे सुवर्णपदक मिळाले, व्यावसायिक खेळातील सर्वोच्च मान मिळाले. पण ही सल त्यांनी आयुष्यभर बोलून दाखवली. पुढच्या वर्षी, १९५६ मध्ये, अटक्सचा संघ एकही सामना न हरता, एकतीस विजय मिळवून पुन्हा विजेता झाला. राज्याच्या इतिहासात असे पूर्वी कोणालाही जमले नव्हते.

आता शाळेकडून कॉलेजकडे वळू, कारण ‘होतकरू’ हा शब्द खऱ्या अर्थाने तेथे लागू होतो. कोण होतकरू हे गुणवत्ता ठरवते असे मानण्याची पद्धत आहे. बिल गॅरेट यांची हकिकत वेगळे सांगते. १९४७ मध्ये शेल्बीव्हिल हायस्कूलला त्यांनी राज्यविजेतेपद मिळवून दिले आणि राज्यातील सर्वोत्तम शालेय खेळाडूला मिळणारा ‘मिस्टर बास्केटबॉल’ हा किताबही त्यांनाच मिळाला. असे असूनही मोठ्या विद्यापीठांपैकी कोणीही त्यांना बोलावले नाही. बिग टेन या विद्यापीठ-गटात कृष्णवर्णीय खेळाडू न घेण्याचा सभ्य गृहस्थांचा अलिखित करार होता. (‘सभ्य’ हा शब्द माझा नव्हे, त्यांचाच.) इंडियानापोलिसच्या सेनेट अव्हेन्यू वाय.एम.सी.ए.चे फेबर्न डिफ्रान्झ आणि त्यांचे सहकारी इंडियाना विद्यापीठाचे अध्यक्ष हर्मन वेल्स यांना जाऊन भेटले. तेव्हा कुठे दार किलकिले झाले. गॅरेट त्या गटात नियमितपणे खेळणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले आणि १९५१ मध्ये देशातील उत्तम खेळाडूंत गणले गेले. पुढे ते क्रो यांच्यानंतर अटक्सचे प्रशिक्षक झाले आणि १९५९ मध्ये शाळेला तिसरे विजेतेपद मिळवून दिले. गॅरेट यांच्यासाठी दार उघडले ते त्यांच्या गुणांकनाच्या जोरावर नव्हे. त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या संस्थेच्या आणि समाजाच्या जोरावर उघडले. आणि आत गेलेला माणूस परत येऊन शाळेच्या बाकावर बसला.

रॉबर्टसन यांनाही इंडियाना विद्यापीठातच जायचे होते. तेथील प्रशिक्षक ब्रॅन्च मक्रॅकन यांनी भेटीत, पैसे घेऊन कॉलेज निवडणाऱ्या मुलांपैकी तू नसशील अशी आशा आहे, अशा आशयाचे काही म्हटले, असे रॉबर्टसन सांगतात. तो अपमान गिळून ते उठले आणि सिनसिनाटीला गेले. ओळीने तीन हंगाम ते देशातील सर्वाधिक गुण करणारे खेळाडू ठरले. त्याच काळात संघ ह्यूस्टनला गेला असता हॉटेलने त्यांना राहू दिले नाही आणि त्यांना एका कृष्णवर्णीय विद्यापीठाच्या वसतिगृहात रात्र काढावी लागली. शिष्यवृत्ती होती, कीर्ती होती, हॉटेलची खोली नव्हती.

पैशाचा तो टोमणा मात्र इतिहासाने व्याजासकट परत केला. खेळाडू-संघटनेचे अध्यक्ष म्हणून १९७० मध्ये रॉबर्टसन यांच्या नावाने एन.बी.ए.विरुद्ध दावा दाखल झाला. १९७६ मध्ये त्याची तडजोड झाली आणि व्यावसायिक खेळाडूला आपला मालक निवडण्याचे स्वातंत्र्य मिळू लागले. कॉलेज-खेळाडूंची नावे व चेहरे वापरून होणाऱ्या कमाईविरुद्ध एड ओ’बॅनन यांनी २००९ मध्ये एन.सी.ए.ए.वर जो खटला भरला, त्यातही २०११ मध्ये रॉबर्टसन वादी म्हणून सामील झाले. पुढे अल्स्टन खटल्यात २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एन.सी.ए.ए.विरुद्ध निकाल दिला आणि १ जुलैपासून कॉलेज-खेळाडूंना आपल्या नावावर व प्रतिमेवर पैसे मिळवता येऊ लागले. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनंतर तर विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली आहेत. ज्यांच्या घामावर विद्यापीठे आणि दूरचित्रवाणी-कंपन्या गब्बर झाल्या, त्यांना वाटा मिळाला, हे न्याय्यच आहे. श्रम करणाऱ्याने पैशाचे नाव काढू नये हा उपदेश नेहमी खिसे भरलेलेच करतात. तेव्हा जुना काळ पवित्र आणि आजची मुले लोभी, असे रडगाणे मला गायचे नाही.

माझा आक्षेप निराळा आहे. पैशाबरोबर जी व्यवस्था आली, तिने शालेय मुलाची आणि त्याच्या शाळेची फारकत केली. २०१८ मध्ये कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंद एका संगणकीय यादीत होऊ लागली. २०२१ पासून एकदा, आणि २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पाळल्यास कितीही वेळा, एक हंगामही न गमावता कॉलेज बदलता येते. खेळाडूच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने हेही योग्य. पण याचा परिणाम असा की प्रशिक्षकाला अठरा वर्षांचा कोवळा मुलगा घेऊन त्याला तीन वर्षे घडवण्यापेक्षा, दुसऱ्या कॉलेजात घडलेला बावीस-तेवीस वर्षांचा तयार गडी घेणे परवडते. उशिरा उंची येणारा, उशिरा उमलणारा, लहान गावातला मुलगा यात मागे पडतो. ज्यांची नावे आधीच गाजलेली असतात त्यांच्यासाठी जागा असते. म्हणून नाव लवकर गाजवण्याची धडपड सुरू होते: बूट बनवणाऱ्या कंपन्यांच्या आश्रयाने चालणाऱ्या उन्हाळी क्लब-स्पर्धा, सातवी-आठवीतल्या मुलांच्या क्रमवाऱ्या, देशभर सामने खेळत फिरणाऱ्या खासगी निवासी शाळा. इंडियानातच ला पोर्ट येथे ला लुमिएर ही अशी शाळा आहे, आज एन.बी.ए.मध्ये नावाजलेला जॅरेन जॅक्सन ज्युनियर इंडियानापोलिसची शाळा सोडून तेथे गेला होता. त्या मुलांना मी दोष देत नाही. या साऱ्या व्यवहारात किती काळे पाणी मुरते, हे २०१७ मध्ये उघडकीस आलेल्या आणि पुढच्या वर्षी दोषसिद्धीपर्यंत गेलेल्या लाचखोरीच्या खटल्यांनी जगासमोर आणले आहे.

आणि हे सर्व कशासाठी? एन.सी.ए.ए.च्या स्वतःच्या अंदाजानुसार हायस्कुलात बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांपैकी सुमारे साडेतीन टक्के मुले तिच्या कोणत्याही श्रेणीच्या कॉलेजात खेळतात. पहिल्या श्रेणीत तर शंभरांतला एखादाच पोचतो. तिसऱ्या श्रेणीच्या कॉलेजांत खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, आणि ज्या हार्वर्ड-कोलंबियाची नावे आपल्या घरांत रोज घेतली जातात त्या आयव्ही लीगमध्येही नाही. क्लबची वर्गणी, विमानाची तिकिटे, हॉटेलांची बिले यांची बेरीज करून पालकांनी हा आकडा शेजारी मांडून पाहावा. बालकाच्या शनिवार-रविवारांची किंमत त्यात धरलेली नाही.

उरलेल्या शहाण्णव-सत्त्याण्णव मुलांसाठी शालेय संघ हाच खेळाचा शेवट आणि कळस असतो. त्यांना तो कळस मिळावा यासाठी शाळा असते. बाजाराला त्यांच्याशी कर्तव्य नाही, शाळेला आहे. हाच माझ्या लेखाचा मुद्दा आहे, आणि तो केवळ बास्केटबॉलपुरता नाही. आपल्या समाजातही ‘होतकरू’ वेचून काढण्याची सवय बळावत चालली आहे. कोणाचा मुलगा कोणत्या विद्यापीठात, कोणाची मुलगी कोणत्या कंपनीत, याच्या याद्या आपण जयंतीच्या व्यासपीठावर वाचतो, त्यांना शाल देतो. तसे करू नये असे नाही. पण बाबासाहेब स्वतः बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला आले, निवडलेल्या एका होतकरू विद्यार्थ्याचे ते सर्वोच्च उदाहरण होते, आणि तरीही आपल्यासारखे आणखी चार हुशार निवडून परदेशी धाडले की झाले, असे त्यांनी मानले नाही. त्यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंदचा पाया घातला. ज्याचे नाव कोणत्याही यादीत नव्हते असा खेड्यातला मुलगा त्या वर्गांत येऊन बसला, आणि त्याच्याच पोटी जन्मलेले आपण आज येथे आहोत.

यावर एक आक्षेप येईल: ज्या शाळांचे गोडवे गाता त्या सार्वजनिक शाळा तरी निर्मळ कुठे आहेत? नाहीतच. अटक्सची पुढील कहाणी हेच सांगते. १९७० मध्ये इंडियानापोलिस शहर आणि भोवतालचा जिल्हा यांचा कारभार एकत्र केला गेला, पण शाळांचे विभाग जाणूनबुजून वेगळे ठेवले गेले. १९७१ मध्ये न्यायाधीश ह्यू डिलिन यांनी शहराच्या शाळा-समितीला वर्णभेदाबद्दल दोषी ठरवले. दहा वर्षे अपिलांत गेली आणि १९८१ मध्ये बसगाड्या सुरू झाल्या. त्या फक्त एकाच दिशेने धावल्या. कृष्णवर्णीय मुले शहरातून उपनगरी शाळांत गेली, तिकडून कोणी आले नाही. ही व्यवस्था २०१६ पर्यंत चालली. शहरातील शाळा ओस पडत गेल्या; १९८६ मध्ये अटक्सचे हायस्कूल बंद करून तेथे खालच्या इयत्ता भरवण्यात आल्या. दरम्यान उपनगरी शाळांची सद्दी सुरू झाली: लॉरेन्स नॉर्थने २००४, २००५ आणि २००६ अशी ओळीने तीन विजेतेपदे मिळवली, आणि त्या संघातील ग्रेग ओडन व माइक कॉन्ली दोघेही ओहायो स्टेटमध्ये एक हंगाम खेळून एन.बी.ए.त गेले. स्पर्धेचेही तुकडे झाले होते. १९९७ नंतर शाळांच्या पटसंख्येनुसार चार गट पाडले गेले. जुने लोक त्यावर अजून हळहळतात. मला त्याचे फारसे दुःख नाही. लहान शाळेला दर वर्षी चिरडून घेण्यात कोणता आदर्श आहे?

अटक्स पुन्हा हायस्कूल म्हणून उघडले ते २००६ मध्ये. आणि २०१७ मध्ये, पहिल्या विजयानंतर बासष्ट वर्षांनी, आपल्या गटातील अंतिम सामना या शाळेने ७३–७१ असा जिंकला. एकाच इमारतीने वर्णभेद, वैभव, उपेक्षा, बंदी आणि पुनरागमन एवढे सगळे पाहिले. यातील प्रत्येक वळण कोणत्या तरी समितीच्या बैठकीत, कोणत्या तरी मतदानात ठरले होते. सार्वजनिक शाळा निर्मळ नसते, पण ती आपल्याला जाब विचारता येईल अशी असते. खासगी निवासी शाळेला किंवा बुटांच्या कंपनीला जाब कोण विचारणार?

आपली कुटुंबे घर घेताना शाळेचे गुणांकन पाहतात, मोठे कर्ज काढतात, आणि मग त्या शाळेच्या कारभाराकडे पाठ फिरवतात. ज्यांना येथील मताधिकार मिळाला आहे त्यांपैकी किती जण शाळा-समितीच्या निवडणुकीत मत देतात? शाळांसाठी वाढीव मालमत्ता-कराचा ठराव मतपत्रिकेवर येतो, तेव्हा आपली मुले शिकून बाहेर पडली म्हणून ‘नाही’वर खूण करणारे आपल्यातही आहेत. त्यांनी हा हिशोब एकदा मागे वळून करावा. सरकारी अनुदानावर, मागासवर्गीय वसतिगृहात, दुसऱ्यांच्या करातून शिकलेली आपली पिढी आहे.

मुलींविषयी वेगळे बोलले पाहिजे. शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणारा कायदा १९७२ मध्ये झाला आणि इंडियानात मुलींची राज्यस्पर्धा १९७६ मध्ये सुरू झाली, म्हणजे मुलांच्या स्पर्धेनंतर तब्बल पासष्ट वर्षांनी. आज त्याच शहरात इंडियाना फीव्हरच्या सामन्यांना हजारोंची गर्दी होते. आपल्या घरांत मात्र मुलगी आठवीत गेली की खेळ हळूच गळून पडतो. कारण कोणी सांगत नाही, पण सरावाची वेळ, खेळाचे कपडे आणि ‘आता अभ्यास’ ही तीन कारणे मला ठाऊक आहेत. पहिल्या दोन कारणांवर चर्चाही नको. तिसऱ्याबद्दल एवढेच की क्रो यांच्या संघात अभ्यास आणि खेळ एकमेकांचे वैरी नव्हते.

अनेक तरुण पालक मला म्हणतात की मुलाची निवड शाळेच्या संघात झाली नाही, मग सामन्याला जायचे कशाला? माझ्या मते तेव्हाच जावे. शेजारच्या मुलासाठी टाळी वाजवायला आपले मूल संघात असावे लागत नाही. बाकड्यावर शेजारी बसलेला मेकॅनिक, पलीकडची परिचारिका, निवृत्त शिक्षक यांच्याशी ओळख तेथे होते. आपण कोण, कुठून आलो, बुद्धविहारात काय करतो, हे पत्रके वाटून सांगण्यापेक्षा तेथे सहज सांगता येते. कृष्णवर्णीय समाजाशी आपले नाते आहे असे आपण व्याख्यानांत म्हणतो. अटक्सच्या इमारतीत त्या समाजाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. आपल्या मंडळाच्या किती सहली तिकडे गेल्या?

यंदाच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाची जुळवाजुळव सुरू झाली आहे, म्हणून कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवतो. मुलींचे सामने नोव्हेंबरच्या आरंभी सुरू होतात, मुलांचे त्याच महिन्याच्या अखेरीस. आपल्या भागातील सार्वजनिक हायस्कुलाच्या वेळापत्रकातून एक शुक्रवार मुलींच्या सामन्यासाठी आणि एक मुलांच्या सामन्यासाठी निवडावा, तिकिटे मंडळाने एकत्र काढावीत, आणि शनिवारच्या बालवर्गातील मुलांना सोबत न्यावे. ज्यांच्याकडे मोठी गाडी आहे त्यांनी नावे कळवावीत.